विमा असूनही स्वतःच्या खिशातून? अमेरिकेतल्या मेडिकल बिलाचं गणित

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला एक गोष्ट पटायला वेळ लागतो. पाकिटात विम्याचं चांगलं कार्ड आहे, तरी ते काउंटरवर न दाखवता 'मी स्वतः पैसे भरणार' असं सांगितलं, तर तीच तपासणी कधीकधी निम्म्याहून कमी पैशांत होते. पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्या मनात विम्याचं चित्र वेगळं असतं. तिथे 'कॅशलेस'ला मंजुरी आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पुढचं हॉस्पिटल आणि विमा कंपनी बघून घेतात. त्या सवयीने इथेही आपण कार्ड पुढे करतो आणि महिन्याभराने पोस्टाने आलेलं बाराशे डॉलरचं बिल बघून चक्रावतो.

हे बाराशे डॉलर कुठून आले, चारशेत काम झालं असतं का, आणि चारशेचा रस्ता कधी अंगाशी येतो, हे सगळं समजून घ्यायला हवं. त्यातही शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण 'कॅश स्वस्त पडते' एवढंच ऐकून निर्णय घेणारी माणसं वर्षाअखेरीस नुकसानीत गेलेली मी पाहिली आहेत. इथे 'कॅश' म्हणजे नोटाच असं नाही, हेही आधीच सांगून टाकते. क्रेडिट कार्डाने भरा की चेकने, विमा कंपनीकडे क्लेम न पाठवता तुम्ही स्वतः भरलंत की ते 'सेल्फ-पे'.

विमा पैसे द्यायला कधी लागतो?

दर महिन्याला पगारातून कापला जातो तो प्रीमियम. पण प्रीमियम भरला म्हणून विमा पहिल्या बिलापासून पैसे देत नाही. वर्षाच्या सुरुवातीपासून एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा. ती रक्कम म्हणजे डिडक्टिबल. ती पूर्ण झाली की वाटणी सुरू होते, उदाहरणार्थ ८० टक्के कंपनीचे आणि २० टक्के तुमचे. हा तुमचा वाटा म्हणजे को-इन्शुरन्स. असं करत करत वर्षभरात तुमच्या खिशातून गेलेले पैसे एका कमाल मर्यादेला पोचले, की त्यापुढचा नेटवर्कमधला (म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडचा) आणि योजनेत बसणारा सगळा खर्च कंपनीचा. या मर्यादेचं नाव आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. बहुतेक योजनांसाठी तिचं वरचं टोक कायद्याने बांधलेलं आहे. २०२५ साठी ते एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होतं. काही योजनांत डॉक्टरकडे गेल्यावर ठरलेले तीस-चाळीस डॉलर द्यायचे असतात, तो को-पे.

सगळी गोम डिडक्टिबलमध्ये आहे. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार नोकरीतून विमा मिळणाऱ्या आणि डिडक्टिबल असलेल्या एकट्या माणसाचा सरासरी डिडक्टिबल १,७८७ डॉलर होता. आपल्या आयटीतल्या मंडळींमध्ये एचएसए, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या बचत खात्याच्या कर-सवलतीमुळे 'हाय डिडक्टिबल' योजना फार चालतात. त्या योजनांत तर २०२५ साठी एका माणसाला कमीत कमी १,६५० आणि कुटुंबाला ३,३०० डॉलर डिडक्टिबल असणं सक्तीचंच होतं, आणि प्रत्यक्षात तो बहुतेकदा त्याहून जास्त असतो. तिशी-पस्तिशीतल्या धडधाकट जोडप्याचा डिडक्टिबल अनेक वर्षं भरतच नाही. म्हणजे त्या वर्षांत एमआरआय असो की रक्ततपासणी, पैसे तुम्हीच भरता. विमा कंपनी फक्त भाव ठरवून देते. मग प्रश्न उरतो की तिने ठरवलेला भाव खरंच कमी आहे का.

एकाच तपासणीचे अनेक भाव

इथल्या प्रत्येक हॉस्पिटलकडे एक लांबलचक दरपत्रक असतं, त्याला चार्जमास्टर म्हणतात. त्यातले आकडे प्रत्यक्ष खर्चाच्या कितीतरी पट असतात. दिवाळीच्या सेलमध्ये आधी किंमत वाढवून लिहायची आणि मग '६० टक्के सूट' म्हणून पाटी लावायची, तोच प्रकार. विमा कंपनी हॉस्पिटलशी घासाघीस करून यावर सूट मिळवते. तो झाला करारातला भाव. तुमच्या घरी जो 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' नावाचा कागद येतो त्यावर आधी चार्जमास्टरचा आकडा असतो, खाली सूट आणि मग 'तुम्ही देणं लागता' अशी रक्कम. ती सूट पाहून माणूस सुखावतो. त्याच हॉस्पिटलने स्वतः पैसे भरणाऱ्यासाठी वेगळा, कदाचित आणखी कमी भाव ठेवलेला असेल, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

आणि करारातला भावही एक नसतो. त्याच हॉस्पिटलात एका कंपनीच्या ग्राहकाला एक, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला दुसरा. हे आकडे वर्षानुवर्षं गुप्त होते. १ जानेवारी २०२१ पासून मात्र केंद्र सरकारच्या नियमाने प्रत्येक हॉस्पिटलला आपले सगळे भाव वेबसाइटवर टाकणं बंधनकारक झालं: चार्जमास्टरचा भाव, प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेला भाव आणि कॅश भाव. शिवाय आधी ठरवून करता येतात अशा किमान ३०० सेवांचे भाव सामान्य माणसाला कळतील असे मांडायचे. सुरुवातीला अनेकांनी टाळाटाळ केली. जून २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या नॉर्थसाइडच्या दोन हॉस्पिटलांना पहिला दंड झाला, दोन्ही मिळून जवळजवळ ११ लाख डॉलर.

आकडे उघड झाल्यावर संशोधकांनी ते पडताळून पाहिले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन हजारांहून जास्त हॉस्पिटलांमधल्या ७० सेवांचे भाव तपासले होते. जवळजवळ निम्म्या वेळा, म्हणजे ४७ टक्के तुलनांमध्ये, कॅश भाव हा त्याच हॉस्पिटलातल्या विमा कंपन्यांच्या मधल्या भावापेक्षा कमी निघाला. याचाच अर्थ उरलेल्या निम्म्या वेळा तो कमी नव्हता. म्हणून विमाच स्वस्त किंवा कॅशच स्वस्त, यातला एकच नियम धरून चालता येत नाही. दर वेळी दोन्ही भाव विचारायचे.

लाखो ग्राहक असलेल्या विमा कंपनीला एकट्या माणसापेक्षा जास्त भाव कसा लागतो, हे कोडं पहिल्यांदा मलाही पडलं होतं. काही कारणं समजण्यासारखी आहेत. क्लेम म्हणजे हॉस्पिटलला खर्च: उपचारांना बिलाचे कोड लावणारे लोक, पूर्वपरवानगीचे फोन, नाकारलेला क्लेम पुन्हा पाठवणं, आणि पैशांसाठी आठवडे नाहीतर महिने थांबणं. त्याच दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याला सूट देणं त्यांना परवडतं. दुसरं, करार एकेका तपासणीचा होत नाही, अख्ख्या हॉस्पिटल साखळीचा होतो. गावात ती एकच मोठी साखळी असेल तर कंपनीला तिच्याशिवाय चालत नाही, आणि मग एमआरआयसारख्या गोष्टींचे भाव चढे लावून घेतले जातात. तिसरं कारण कायद्यातलं आहे. विमा कंपनीला प्रीमियममधला ८० ते ८५ टक्के पैसा ग्राहकांच्या उपचारांवर खर्च करावाच लागतो. व्यवस्थापन आणि नफा उरलेल्या पंधरा-वीस टक्क्यांत. हा नियम ग्राहकाच्या भल्यासाठी आला. पण उपचार महागले की प्रीमियम वाढतो आणि त्या पंधरा-वीस टक्क्यांची रक्कमही वाढते, त्यामुळे भाव खाली आणायची घाई कंपनीला राहत नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात आणि मला त्यात तथ्य वाटतं.

कॅशच्या बाजूचं सगळ्यात ठळक उदाहरण ओक्लाहोमा सिटीतलं आहे. कीथ स्मिथ आणि स्टीव्हन लँटियर या दोन भूलतज्ज्ञांनी १९९७ मध्ये 'सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा' सुरू केलं आणि २००९ पासून शस्त्रक्रियांचे भाव थेट वेबसाइटवर टाकले. सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून एकच आकडा. सरकारी नियमाच्या बारा वर्षं आधी एका खासगी केंद्राने हे केलं, म्हणजे भाव आधी सांगता येत नाही हे बहुतेक ठिकाणी ऐकू येणारं उत्तर खरं नव्हतं.

एक गुडघा, दोन हिशेब

आता आकड्यांत बघू. समजा गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तुमचा डिडक्टिबल ३,००० डॉलर, वर्षाची सुरुवात असल्याने त्यातलं काहीच भरलेलं नाही. त्यानंतर २० टक्के वाटा तुमचा आणि कमाल मर्यादा ६,०००. हॉस्पिटलमध्ये विम्याच्या भावाने एमआरआय १,४०० डॉलरला, आणि गावातल्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये कॅश ४५० डॉलरला.

एमआरआयमध्ये विशेष काही निघालं नाही, फिजिओथेरपीच्या व्यायामाने गुडघा सुधारला आणि वर्ष तसंच गेलं, तर विम्याने गेलात तेव्हा १,४०० गेले, कॅशने ४५०. सरळ ९५० डॉलर वाचले.

आता दुसरी शक्यता. एमआरआयमध्ये लिगामेंट फाटलेलं निघालं आणि करारातल्या भावाने १८,००० डॉलरची शस्त्रक्रिया झाली. एमआरआय कॅशने केला असेल तर शस्त्रक्रियेचे पहिले ३,००० तुमचे, उरलेल्या १५,००० चे २० टक्के म्हणजे आणखी ३,०००. झाले ६,०००, मर्यादा गाठली. त्यात एमआरआयचे ४५० वेगळे, कारण स्वतः भरलेले पैसे साधारणपणे डिडक्टिबलमध्ये किंवा कमाल मर्यादेत धरले जात नाहीत. एकूण ६,४५०. एमआरआय विम्याने केला असता तर ते १,४०० मर्यादेतच मोजले गेले असते आणि वर्षाचा खर्च ६,००० वर थांबला असता. म्हणजे 'स्वस्त' एमआरआयने उलट ४५० डॉलर जास्त गेले.

एमआरआयच्या आधी या दोनपैकी काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून कॅश भरताना किंमतीबरोबर या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचाही अंदाज बांधावा लागतो. जानेवारीत बाळंतपण ठरलेलं आहे, कुणाला कर्करोगाचे उपचार चालू आहेत, कुणी दर महिन्याला महागडं इंजेक्शन घेतं, अशा घरात डिडक्टिबल भरणारच. तिथे एकही बिल विम्याबाहेर भरू नये. नोव्हेंबर आलाय, वर्षभरात दोनशे डॉलरचाही खर्च झालेला नाही, आणि पुढे काही मोठं दिसत नाही, तिथे कॅश भाव जरूर विचारावा. इमेजिंग आणि रक्ततपासण्या यांत कॅशचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो, कारण त्या आधी ठरवून होतात आणि त्यांचा एकच आकडा सांगता येतो.

फोनवर काय विचारायचं

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या गुडघ्यासाठी मी एका इमेजिंग सेंटरला असा फोन केला होता. 'गुडघ्याच्या एमआरआयला किती?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. डॉक्टरांच्या ऑर्डरवर पाच आकडी सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा ठरलेला क्रमांक असतो, तो वाचून दाखवायचा. कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचं इंजेक्शन न देता, गुडघ्याच्या एमआरआयचा कोड ७३७२१. कंबरेच्या मणक्याचा, कॉन्ट्रास्टशिवाय, ७२१४८. लिपिड प्रोफाइल ८००६१, एचबीए१सी ८३०३६, टीएसएच ८४४४३. कोड सांगितला की समोरचा माणूस तुमच्याकडे गांभीर्याने बघतो.

मी विचारलं, 'व्हॉट इज युवर सेल्फ-पे प्राइस फॉर सेव्हन थ्री सेव्हन टू वन?' बाईंनी पहिला प्रश्न केला, विमा कुठला आहे. मी शांतपणे सांगितलं की विमा आहे पण आम्ही तो वापरणार नाही. तिने थोडं थांबून ३७५ डॉलर सांगितले. इथेच बरेच लोक फोन ठेवतात. मी पुढे विचारलं, यात रेडिऑलॉजिस्टचं रीडिंग धरलंय का? नव्हतं. त्याचे ९० वेगळे, आणि ते बिल दुसऱ्याच संस्थेकडून येणार होतं. दोन्ही मिळून विचारायचं असेल तर 'ग्लोबल प्राइस' म्हणायचं. हॉस्पिटलशी जोडलेल्या केंद्रात याखेरीज 'फॅसिलिटी फी', म्हणजे जागा वापरण्याचे वेगळे पैसे असतात, ते आहेत का हेही विचारायचं. मग भूल लागणार असेल तर भूलतज्ज्ञ, बायोप्सी असेल तर पॅथॉलॉजी. मशीन आणि केंद्राला 'एसीआर'ची, म्हणजे रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे का, हेही त्याच फोनमध्ये विचारावं. स्वस्त पण धूसर चित्रं आली तर तपासणी परत करावी लागते.

फोन झाला की आकडा लेखी मागायचा. त्यासाठी कायदा तुमच्या बाजूने आहे. 'नो सरप्राइझेस' कायद्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्या किंवा असूनही न वापरणाऱ्या रुग्णाला आधी खर्चाचा अंदाज, म्हणजे 'गुड फेथ एस्टिमेट', लेखी द्यावाच लागतो. अपॉइंटमेंट किमान तीन कामकाजाचे दिवस आधी घेतली असेल तर एका दिवसात, दहा दिवस आधी घेतली असेल तर तीन दिवसांत. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं, तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांत तुम्ही सरकारी यंत्रणेकडे तंटा नेऊ शकता. हा कागद म्हणजे कॅशने जाणाऱ्याचं खरं संरक्षण आहे, तो हातात आल्याशिवाय तपासणीला जाऊ नका.

कधीकधी काउंटरवर सांगतात, 'सिस्टिममध्ये तुमचा विमा दिसतोय, आम्हाला क्लेम पाठवावाच लागेल.' रुग्णाची माहिती खासगी ठेवण्याच्या 'हिपा' नियमांत २०१३ पासून स्पष्ट तरतूद आहे: एखाद्या सेवेचे पूर्ण पैसे तुम्ही स्वतः भरलेत आणि तिची माहिती विमा कंपनीला देऊ नका असं सांगितलंत, तर त्यांना ते ऐकावं लागतं. हे मात्र तपासणीच्या आधी सांगायचं. एकदा क्लेम गेला की तो मागे घेऊन कॅश भाव मागणं फार कठीण. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठी) या सरकारी योजनांचं वेगळं आहे. त्यांत बसणाऱ्या सेवांसाठी त्या योजनांमधले डॉक्टर सहसा तुमच्याकडून थेट पैसे घेऊ शकत नाहीत.

एचएसए खातं असेल तर कॅश बिल त्यातून भरता येतं, त्यासाठी विम्याचा क्लेम लागत नाही. पावती मात्र कोड आणि तारखेसकट जपून ठेवा. खातं उघडल्यानंतरचा खर्च आज खिशातून भरून काही वर्षांनी खात्यातून परत घेतला तरी चालतो.

औषधांच्या दुकानात

औषधांच्या बाबतीत हा प्रकार रोज घडतो आणि रक्कम लहान असल्याने लक्षात येत नाही. जेनेरिक गोळ्यांची मूळ किंमत चार डॉलर आणि तुमचा को-पे दहा, असं होऊ शकतं. जादाचे सहा डॉलर बहुतेकदा विमा कंपनी आणि फार्मसी यांच्यामध्ये बसलेल्या मध्यस्थ कंपनीकडे, 'पीबीएम'कडे, जातात. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात २०१३ सालची प्रिस्क्रिप्शनं तपासली होती. त्यातल्या २३ टक्के वेळा रुग्णाने भरलेला को-पे विम्याला पडलेल्या किमतीपेक्षा जास्त होता, सरासरी पावणेआठ डॉलरच्या आसपास. त्याहून संतापजनक म्हणजे 'कॅशने घेतलंत तर स्वस्त पडेल' हे रुग्णाला सांगायला फार्मासिस्टवर करारातून बंदी घातली जात असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन केंद्रीय कायद्यांनी ही बंदी बेकायदा ठरवली. पण फार्मासिस्टने आपणहून सांगितलंच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. म्हणून दर वेळी विचारा: विम्याने किती, विम्याशिवाय किती?

मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, अॅटॉर्व्हास्टॅटिन, थायरॉइडची गोळी, आपल्या घरांत सर्रास चालणारी ही औषधं जेनेरिकमध्ये फार स्वस्त आहेत. वॉलमार्टने २००६ मध्ये चार डॉलरच्या जेनेरिकांची यादी सुरू केली, मेटफॉर्मिन त्यात आहे. उद्योगपती मार्क क्यूबन यांची 'कॉस्ट प्लस' ही ऑनलाइन फार्मसी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा हिशेब उघड आहे: औषध त्यांना पडलेल्या किमतीवर १५ टक्के, अधिक पाच डॉलर फार्मसीचे आणि पाच डॉलर पोस्टाचे. त्यांना दहा डॉलरला पडलेलं औषध तुमच्या घरी साडेएकवीसला येतं. दहा-बारा डॉलरच्या जेनेरिकला त्यात फारसा फायदा नाही, महागड्या जेनेरिकला मात्र मोठा. गुडआरएक्ससारख्या अॅपवरची सवलतीची कुपनंही दुकानात चालतात, पण आपली माहिती कुठे जाते याचं भान ठेवा. जाहिरात कंपन्यांना वापरकर्त्यांची आरोग्याची माहिती दिल्याबद्दल गुडआरएक्सला २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत १५ लाख डॉलर भरावे लागले.

हिशेब बाजूला ठेवायचे प्रसंग

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बाळाला श्वास घेता येत नाहीये, तर ९११ लावा. तिथे भाव विचारत बसू नका. १९८६ च्या एमटाला कायद्याने इमर्जन्सी विभागाला पैसे किंवा विमा न बघता तपासणी करून रुग्णाला स्थिर करणं बंधनकारक आहे. विमा असलेल्याला नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सीतही २०२२ पासून नेटवर्कच्याच दराने वाटा भरावा लागतो, जादा बिल लावता येत नाही. फक्त जमिनीवरची अॅम्ब्युलन्स या संरक्षणातून सुटलेली आहे.

वार्षिक तपासणी, मुलांच्या लसी, मॅमोग्राम, ४५ व्या वर्षापासूनची कोलोनोस्कोपी अशा प्रतिबंधक सेवा बहुतेक योजनांत डिडक्टिबल न लागता पूर्ण फुकट असतात. त्या कॅशने करणं म्हणजे हक्काचे पैसे सोडणं. आणि कॅश भाव स्वस्त वाटतो म्हणून विमाच घ्यायचा नाही, हा विचार तर मनातून काढूनच टाका. चार दिवसांच्या आयसीयूचा खर्च कुठल्याही कॅश भावाने पेलत नाही.

आई-बाबा उन्हाळ्यात इकडे येतात तेव्हा मात्र कॅश भावाची माहिती खरोखर कामी येते. व्हिजिटर विम्याचे दोन प्रकार असतात. स्वस्त प्रकारात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते, समजा हॉस्पिटलच्या एका दिवसाला दीड हजार डॉलर, आणि बिल कितीही असलं तरी वरचं सगळं तुमचं. 'काँप्रिहेन्सिव्ह' प्रकारात डिडक्टिबलनंतर मोठ्या मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. साठी ओलांडलेल्या आई-बाबांसाठी हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. दोन्हींत जुना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. फार तर त्यांनी अचानक उचल खाल्ली तर, तेही अटींसकट. म्हणून पुरेशा गोळ्या, प्रिस्क्रिप्शन आणि ईसीजीची प्रत तिकडूनच आणायला सांगा. खोकला, लघवीचा संसर्ग, मुरगळलेला पाय यासाठी इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ आजारांचा विनाअपॉइंटमेंट दवाखाना गाठा आणि दारातच सेल्फ-पे भाव विचारा. साधारण दीड-दोनशे डॉलरमध्ये काम होतं, इमर्जन्सीत तेच हजारांत जातं.

बिल आधीच आलं असेल तर

लगेच भरू नका आणि कपाटातही टाकू नका. आधी विमा कंपनीचा कागद येऊ द्या आणि दोन्हींतले आकडे जुळतात का बघा. मग हॉस्पिटलकडून कोडसकट तपशीलवार बिल मागा. दोनदा लावलेली तपासणी, न दिलेलं औषध त्यात सापडतं. त्यानंतर बिलिंग विभागाला विचारा, आज पूर्ण भरलं तर किती सूट? नाही जमलं तर बिनव्याजी हप्ते मागा आणि ठरलेलं लेखी घ्या. काउंटरवर पुढे केलं जाणारं मेडिकल क्रेडिट कार्ड शक्यतो नको. मुदतीत पैसे फिटले नाहीत तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं. क्रेडिट स्कोअरच्या धास्तीने घाईही करू नका: एप्रिल २०२३ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्था ५०० डॉलरखालची मेडिकल थकबाकी अहवालात दाखवत नाहीत, आणि त्याहून मोठी थकबाकीही पहिलं एक वर्ष दिसत नाही.

हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल, आणि अमेरिकेतली बरीच तशी आहेत, तर त्याला कायद्याने आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी असते. एका पगारावर चार माणसांचं घर चालवणारे, नोकरी गेलेले, शिकायला आलेले विद्यार्थी त्यात बसू शकतात, आणि ज्यांना विमा आहे त्यांनाही अनेक ठिकाणी त्यांच्या वाट्यासाठी अर्ज करता येतो. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्जाची मुदत असते. बिल तोवर वसुली एजन्सीकडे गेलेलं असलं, तरी त्या मुदतीत आलेला अर्ज हॉस्पिटलला विचारात घ्यावाच लागतो.